हिरामावशी काय म्हणाली होती

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही — आणि आम्हा दोघांत लपवण्यासारखं आता फारसं काही उरलेलं नाही. मग तुमच्यापाशी का बोलतेय? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. नाहीतर ज्यानं हे ऐकायला पाहिजे होतं तो माणूस आता राहिला नाही, म्हणूनही असेल. माझं मलाच नीट कळत नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

आधी माझं काम सांगते, कारण ते ऐकून लोक बुचकळ्यात पडतात. ज्यांच्याकडे भरपूर पैसा आहे आणि त्यातला काही चांगल्या कामाला लावावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांना तो कुठं द्यावा, कुणाला द्यावा, दिल्यावर त्याचं काय होतं यावर लक्ष कसं ठेवावं, हे मी सांगते. त्याचे पैसे घेते. माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. "द्यायचंय तर द्यावं माणसानं, त्यात तुला कशाला विचारायला पाहिजे?" असं ती म्हणायची. मी हसून सोडून द्यायचे. नवीन पनवेलात एका डेंटिस्टच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. कारखानदार येतात, बिल्डर येतात, जमिनी गेल्यावर हातात एकदम पैसा आलेली गावची मंडळी येतात. बहुतेक चांगली माणसं असतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल की या गोष्टीत कुणीतरी लबाड शेठ असणार.

व्यंकटेशन साहेब लबाड नव्हते.

तळोज्याला त्यांचा रसायनांचा कारखाना होता. मूळचे मदुराईकडचे, तरुणपणी इकडे आले ते इथलेच झाले. इंग्रजी उत्तम, हिंदी कामापुरती, मराठी जवळजवळ नाहीच — आणि त्याची त्यांना लाज वाटायची. कुणी मराठीत बोलायला लागलं की कान पुढं करून, डोळे बारीक करून ऐकायचे, जसं काही जोर लावला तर अर्थ कळेलच. मी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा माझे पहिले मोठे दाते तेच. पहिल्याच भेटीत म्हणाले, "मला फोटो नकोत. लोकांना काय पाहिजे ते मला ऐकायचंय. तुम्ही फक्त माझ्या आणि त्यांच्या मधे उभ्या राहा."

मी मधे उभी राहिले. तेच तर सांगायचंय.

पण थांबा, आधी दुसरं सांगते. त्या कामातून चांगलंही झालं. आम्ही खाडीकाठच्या गावांसाठी दवाखान्याची गाडी सुरू केली. ती आजही चालते. तिच्यात एका बाईच्या छातीतली गाठ वेळेवर सापडली, ती बाई आज नातवंडं सांभाळते. रस्त्यात भेटली की माझे हात हातात घेते. मग मी जे केलं ते वाईट म्हणायचं का? रात्र रात्र विचार केला असं म्हणणार नाही — मी चांगली झोपते, हेही मला घाबरवतं. पण भाजी निवडताना, सिग्नलला थांबल्यावर, मधेच कधीतरी हा प्रश्न येतो, आणि मग हातातलं काम तसंच राहतं.

गाडी सुरू व्हायच्या आधी गावात बैठक ठेवली होती. गावाचं नाव सांगत नाही. कोळी आणि आगरी वस्ती, पलीकडे नव्या इमारतींची रांग, मधे खाडी. बैठक देवळाच्या मंडपात. बायका सतरंजीवर बसलेल्या, पुरुष बाहेर चपला काढायच्या जागी उभे. गाडीचं सगळं माझ्या मनात ठरून गेलं होतं. बैठक म्हणजे — खरं सांगू? — त्यावर लोकांची मान डोलवून घ्यायची, एवढंच. त्या भागात अंगाला खाज येणारे, पायाला चट्टे पडलेले लोक फार होते. मला वाटलं, डॉक्टर दारात आला तर कुणाला नको असेल?

मी गाडीची माहिती सांगितली. मग हिरामावशी उठली.

ती होडी असलेल्या घरातली. नवरा जाळं टाकायचा, ती पनवेलच्या बाजारात मासे विकायची. माझी आई तिच्याकडूनच मासे घ्यायची, त्यामुळं मला लहानपणापासून ओळखत होती. आमचं मूळ त्याच पट्ट्यातलं, तिची बोली मला घरातल्यासारखी कळते. त्या बोलीत खाडीची खारी होते, गाडीची गारी होते. व्यंकटेशन साहेब नेहमीसारखे कान पुढं करून बसले होते, पण त्यांना त्यातलं काय कळणार होतं?

ती माझ्याकडं बघून भराभर बोलली, बोट मात्र त्यांच्याकडं. "आमाला गारी नको गं. तू आपली हायस म्हनून तुला सांगतंय. त्याला सांग, तुजे कारखान्याचं पानी आमचे खारीन सोरू नको. मासोली मेली आमची. पान्यान उतरलं का आंग खाजवतं. तं पानी बंद कर म्हनावं, बाकी आमचं आमी बघू."

बाहेरचे पुरुष मंडपाच्या कडेपर्यंत सरकले.

त्या भराभर बोलण्यातला साहेबांनी तेवढा एक शब्द पकडला. मला इंग्रजीत विचारलं, "पानी? पाण्याचं काय म्हणतायत त्या?"

आणि मी इंग्रजीत सांगितलं, "पिण्याच्या पाण्याचे हाल आहेत म्हणतात. गाडीबरोबर त्याचंही काही झालं तर फार बरं होईल."

हे ते. हेच सांगायचं होतं.

मी ठरवून खोटं बोलले का? हजार वेळा मागं जाऊन बघितलंय. विचार केल्याचं आठवत नाही. वाक्य तोंडातून आलं, नीट, व्याकरणासकट. घाबरले होते? हो. हे काम गेलं तर, म्हणून? तेही. पण त्यांना वाईट वाटेल असंही वाटलं — माझ्या देखत, भर मंडपात त्या भल्या माणसाचा अपमान होऊ नये असं. आणि अगदी आत कुठंतरी हिरामावशीचा राग आला होता. एवढं जमवून आणलेलं ती उधळतेय, म्हणून. यातलं नेमकं कुठलं खरं? सगळंच थोडं थोडं खरं असेल, तर मी त्याला काय नाव देऊ?

साहेब उठले. हिरामावशीसमोर गेले, हात जोडले आणि त्यांच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "पाणी — मी करणार. नक्की करणार."

तिचा चेहरा मला आजही नीट सांगता येत नाही. तिला वाटलं, ऐकलं त्यानं. तिनं त्यांचे जोडलेले हात आपल्या हातात धरले. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "काय बोलला तो? बंद करतंय ना?"

"बघतो म्हणाले, मावशी."

इंग्रजी कळणारं मंडपात कुणी नव्हतं, असं मी तेव्हा धरून चालले. आता वाटतं, बाहेर उभ्या असलेल्यांपैकी कुणाला तरी कळलं असेल. कळूनही गप्प राहिलं असेल? का? हे मला कधीच समजणार नाही.

पावसाळा संपल्यावर गावात पाणी शुद्ध करायचं मशीन बसलं. वर मोठी टाकी, खाली नळ, आणि भिंतीवर साहेबांच्या आईचं नाव. त्यांनी हौसेनं केलं ते. गावात नळाचं पाणी बरं येत होतं, पण फुकट आलेल्या मशीनला नाही कोण म्हणणार? उद्घाटनाला हिरामावशी आली होती. तिनं पेला भरून घेतला, सावकाश प्यायली. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "मी त्याला खारीचं सांगतलं, तं त्यानं टाकी दिली. ह्यो काय जबाब झाला गं?"

तेव्हा सांगता आलं असतं. साहेब दहा पावलांवर मुलांना पाणी भरून देत होते. मी काय केलं माहितीय? तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मोठ्या लोकांचं असंच असतं, मावशी."

पहिल्या खोट्याला मी अजून कारणं शोधते. याला सापडत नाहीत. कारण हे मी विचार करून बोलले.

त्यानंतर माझं काम वाढत गेलं. त्या बैठकीबद्दल साहेब सगळ्यांना सांगायचे — लोकांना डॉक्टर द्यायला गेलो आणि एका कोळणीनं मला पाणी मागितलं, मी ऐकलं म्हणून बरं. ते ऐकून आणखी दाते माझ्याकडं आले. मला भाषणांना बोलावणी यायला लागली. दात्यानं आधी ऐकायला शिकलं पाहिजे, यावर मी बोलते. चांगलं बोलते. लोक वह्यांत लिहून घेतात.

खाडीचं म्हणाल तर मासे कमी होत गेले. तो दोष साहेबांच्या कारखान्याचा होता का, हे मला आजही माहीत नाही. तिथं इतके कारखाने, वर नव्या वस्त्यांचं सांडपाणी, भराव. कदाचित त्यांच्या कारखान्याचा त्यात काहीच भाग नसेल. कदाचित बराच असेल. मी विचारलं नाही. हिरामावशीच्या नवऱ्यानं होडी विकली आणि खारघरला एका टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. ती अजून पनवेलच्या बाजारात बसते, पण मोरा बंदरावरून आलेला बर्फातला माल घेऊन. मी बरीच वर्षं मासे बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडून आणत होते.

साहेबांनी कारखाना विकला, आणि नंतर आजारी पडले. एक दिवस मला घरी बोलावून घेतलं. बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते, फार बारीक झाले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग म्हणाले, "एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आमचं सांडपाणी पूर्ण स्वच्छ होऊनच बाहेर जातं, असं मॅनेजर सांगायचे. मला कधी कधी शंका यायची. पण खोलात गेलो नाही. मनाशी म्हटलं होतं, खाडीवर जगणारी माणसं आहेत, खरंच काही असेल तर तोंडावर बोलतील. त्या बैठकीला मी त्यासाठीच आलो होतो. ती बाई पाण्याचं बोलायला लागली तेव्हा मला वाटलं, हेच ते. आणि मग तुम्ही म्हणालात, पिण्याचं पाणी. किती हलकं वाटलं मला. त्यानंतर शंका आली नाही." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "पिण्याचंच म्हणाली होती ना ती?"

त्यांना शंका आली होती, ती पुसून टाकली मी. ते ऐकायला आले होते. मी सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? कदाचित काही नसतं केलं. पैशाच्या गणितात माणसं बदलतात, मी पुष्कळ बघितलीत. पण हा माणूस? मला वाटतं, यानं केलं असतं. आणि असं मला का वाटतं, तर त्यांनी ते विचारलं तेव्हा त्यांचे डोळे बारीक झाले होते, माझ्या तोंडाकडं बघत.

"हो," मी म्हणाले. "पिण्याचंच."

त्यांनी मान हलवली. माझ्या हातावर थोपटलं. आजारी माणसाला शेवटी कशाला त्रास द्यायचा, असं मी गाडीत बसल्यावर स्वतःला सांगितलं. गाडी तळोजा फाट्यापर्यंत यायच्या आत मला ते खोटं वाटायला लागलं.

ते गेले त्याला आता काही महिने झाले. मागच्या आठवड्यात मी बाजारात हिरामावशीसमोर जाऊन उभी राहिले. सांगायचं ठरवून गेले होते. केस पांढरे झालेत तिचे, पण लगेच ओळखलं. आईची चौकशी केली, आई गेल्याचं ऐकून हळहळली. मग सुरमई माझ्यापुढं सरकवत म्हणाली, "तो तुजा साहेब कसा हाय?"

"गेले, मावशी. आजारी होते."

तिचा कोयता थांबला. "वाईट झाला," ती म्हणाली. "मानूस गरीब सभावाचा व्हता. हात जोरून उभा ऱ्हायला व्हता माज्यासमोर. पन आयकलं नाय त्यानं."

आजूबाजूला गिऱ्हाईकं होती, शेजारची कोळीण भाव सांगत होती. मी तोंड उघडलं. "तुकडे जरा बारीक करा, मावशी," असं म्हणाले.

तिनं बारीक केले, दोन जास्तीचे टाकले, पैसे कमी घेतले.

त्यानं ऐकलं नाही, असं ती समजते. तिनं तक्रार केलीच नाही, असं समजून ते गेले. दोघं समोरासमोर उभे होते, एकमेकांचे हात हातात धरून. मला दोघांचीही भाषा येत होती.