गुरुवारचं ताट

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा देवावर विश्वास उरला नव्हता, नुसता हट्ट उरला होता. माझ्या सात वर्षांच्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिसऱ्या वर्षी ऑपरेशन झालं, कानामागे मशीन आलं, स्पीच थेरपी सुरू झाली. सर्जापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी रोज संध्याकाळी तिला आरशासमोर बसवून 'आई' म्हणवून घ्यायचा प्रयत्न करायचे. खुणा करू दिल्या तर पोर बोलणार नाही, असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं, म्हणून तिचे हात माझ्या हातांत घट्ट धरून ठेवायचे. हात सुटले की ती मशीन काढून गादीवर टाकायची आणि डोळे मिटून घ्यायची. मग तिच्यापर्यंत पोचायची वाटच बंद. मी समोर बसून रडायचे आणि तिला ते कळायचंही नाही.

नवरा व्हाइटफील्डच्या ऑफिसातून थकून यायचा, आम्हा दोघींकडे बघायचा आणि आत जायचा. त्याचाही राग यायचा. तेव्हा कुणाचा येत नव्हता? आम्ही निपाणीकडचे, घरात दत्ताची उपासना. लेक स्पष्ट 'आई' म्हणेपर्यंत गुरुवारी अन्नाचा कण तोंडात घालणार नाही, असा मी नवस बोलले. आणि शहाणपणा असा, की तो तिलाही समजावला. एरवी खुणांना बंदी, पण त्या दिवशी माझेच हात चालले. रिकाम्या ताटाकडे बोट, दत्ताच्या तसबिरीकडे बोट, मग तिच्या गळ्याकडे. वाटलं, माझी दया येऊन तरी बोलेल.

बोलली नाही. जेवण मात्र टाकायला लागली, आधी गुरुवारी, मग रोजच. शाळेचा डबा भरलेला परत यायचा. डॉक्टर म्हणाले, पोटात काही दोष नाही. मी चिडून भरवायला जायचे, ती ओठ घट्ट मिटायची. अशाच एका गुरुवारी दत्ताच्या देवळाच्या रांगेत ती मटकन खाली बसली, पांढरीफटक. मी मूर्तीकडे बघून मनात म्हटलं, आता आम्हा दोघींनाही घेऊन जा. लिहायला लाज वाटते, पण म्हटलं.

देवळाच्या दारात हार गुंफत बसलेल्या एक बाई उठून आल्या. त्यांनाही ऐकू येत नव्हतं. सोबत त्यांची मुलगी होती, तिला मात्र ऐकू येत होतं. बाईंनी लेकीला पाणी पाजलं आणि हातांनी काहीतरी विचारलं. माझी लेक दोन्ही हातांनी भराभरा सांगायला लागली. शाळेतल्या तिच्यासारख्या मुलींकडून चोरून शिकली असणार. इतकं काही तिच्या आत साठलंय, हे मला ठाऊकच नव्हतं. बाईंची मुलगी आमच्याच सीमाभागातली निघाली. हळूच म्हणाली, "अक्का, रागवू नका. ती म्हणते, देव माझ्यावर चिडलाय. मी बोलत नाही म्हणून आईला उपाशी ठेवलंय. मग मी कशी जेवू?"

मी तिथेच फरशीवर बसले. ती मुलगी शेजारी टेकली. म्हणाली, "शनिवारी इथं जवळच अशा घरांसाठी एक समुपदेशक बाई बसतात, आमची आई तिथं खुणा शिकवते. या की. पोरांचं मागनं बघतात, आधी आयांना रडू देतात."

बाईंनी प्रसादाचा द्रोण लेकीच्या हातात दिला. तिने घास उचलला आणि माझ्या तोंडाशी धरला. गुरुवार होता. नवस मोडला तर काय होईल, ही भीती त्या क्षणीही होतीच. मी तोंड उघडलं. मग तिने खाल्लं.

आता शनिवारी आम्ही तिघं जातो. पहिल्याच दिवशी नवरा माझ्याआधी रडला. लेक अजून 'आई' म्हणालेली नाही, बहुतेक म्हणणारही नाही, आणि ते दुःख काही गेलेलं नाही. हार गुंफणाऱ्या त्या बाई नेमक्या त्या गुरुवारी तिथे कशा होत्या, हे मी कुणाला विचारत नाही. दत्तापुढे उभी राहते, उपकार मानते, मागत काहीच नाही. जोडलेले हात मात्र आता लवकर सोडते. लेक समोर उभी असते, तिला काहीतरी सांगायचं असतं, आणि उत्तर द्यायला मला हात मोकळे लागतात.