सात देशांची समिती

संजीवनीला राग आला की ती स्वयंपाकघरात शिरते. तिच्याकडे एकाच दिवशी चकल्या, कडबोळी आणि नारळाच्या वड्या तयार दिसल्या, की ओळखावं, काहीतरी बिनसलंय. विश्वास, म्हणजे तिचा नवरा, सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला की आधी नाक वर करून वास घेतो आणि मग मला हळूच विचारतो, "बाई, आज कुणावर?"

यिशुनमध्ये आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर ती राहते. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर मुलाकडे राहायला आले, तेव्हा तिची ओळख झाली. पहिल्याच भेटीत तिनं मला विचारलं, "तुमचा इथं राहायचा पास मुलानंच काढला का? कागद लगेच झाले? कुणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोन करून चौकशी नाही केली?" मी म्हटलं, "नाही गं, सगळं सरळ झालं." ती म्हणाली, "छान. आईनं मुलाजवळ असावं."

त्या प्रश्नांमागे काय होतं, ते पुढे तिनंच सांगितलं. सिंगापूरला येण्याआधी ती दोघं सोळा वर्षं नेदरलँड्समध्ये होती. तिथलं नागरिकत्वही त्यांनी घेतलं. मुलगी इरा तिथंच शिकली आणि अजून उट्रेख्टला नोकरी करते. त्याच गावात, त्याच गल्लीत शैलेंद्र नावाचा पुण्याच्या कॉलेजातला विश्वासचा मित्र राहायचा. दोन्ही घरं एकमेकांची. दोघांच्या आयांचंही जमलं होतं. संजीवनीची आई, विमलताई, सांगलीला आणि शैलेंद्रची आई, आक्का, मिरजेला. मुलं परदेशात, म्हणून या दोघी सिटी बसनं एकमेकींकडे जायच्या आणि दिवसभर बसून मुलांच्या आगळिकी मोजायच्या.

वडील गेल्यावर संजीवनीनं आईला आपल्याकडे बोलवायचं ठरवलं. भेटीच्या व्हिसाच्या अर्जात तिथल्या ओळखीच्या नागरिकाचं नाव द्यायचं होतं, ते तिनं शैलेंद्रचं दिलं. त्याच सुमारास एका रात्री शैलेंद्रकडे जेवताना ती म्हणून गेली होती, "आई एकदा इथं आली की मी काही तिला परत पाठवत नाही." लेकी असं म्हणतातच. पुढे व्हिसाच्या कचेरीतून शैलेंद्रला फोन आला. बाई परत जातील असं वाटतं का, असं विचारलं गेलं. शैलेंद्र म्हणाला, मला नाही वाटत.

व्हिसा नाकारला गेला. पुन्हा अर्ज केला, पुन्हा नकार. तिसऱ्या वर्षी आई सांगलीत न्हाणीघरात पडली. दवाखान्यात तिला पेज भरवली ती शेजारच्या सुनेनं. संजीवनी पोचली तेव्हा भरवायचं काही उरलं नव्हतं.

आणि हे शैलेंद्रनं लपवलं नाही, हीच त्यातली खरी ठुसठुस. आई गेल्यावर भेटायला आला, तेव्हा त्यानंच सांगितलं. "वहिनी, मला विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. आपण दुसऱ्यांच्या देशात राहतो. नियम म्हणजे नियम." ती म्हणते, "माफी मागितली असती तर कदाचित मी विसरले असते. त्यानं मला नागरिकशास्त्र शिकवलं."

पुढे विश्वासची बदली सिंगापूरला झाली आणि चारच वर्षांत शैलेंद्रही इथल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आला. बुकित तिमाला कॉन्डो, म्हणजे महागड्या सोसायटीतला फ्लॅट, घेतला. मराठी मंडळात भेटी होत राहिल्या. संजीवनी हसून बोलायची, डबे द्यायची. मला वाटायचं, विसरली असेल. मी चाळीस वर्षं वर्गात मुली पाहिल्या, तरी मला तसं वाटलं.

दोन हजार सतरा साली शैलेंद्रनं एक नवं काम काढलं. युरोपीय संघाच्या नागरिकांना संघाच्या कारभाऱ्यांपुढे प्रस्ताव ठेवायची सोय आहे. दहा लाख सह्या जमल्या, तर त्या प्रस्तावाचा विचार करावाच लागतो. मंडळात तिकडचे पासपोर्टवाले बरेच आहेत. रविवारी सकाळी शैलेंद्रच्या कॉन्डोतल्या हॉलमध्ये बैठका सुरू झाल्या. व्यापार, ऊर्जा, स्थलांतर आणि हक्क असे चार गट पडले. जर्मन पासपोर्टवाला प्रबोध व्यापाराच्या गटात. त्याला हापूसवरची बंधनं उठवायची होती. ऊर्जेच्या गटात विश्वासला ओढलं होतं. तो म्हणायचा, "आम्ही तासभर कोळशावर बोलतो आणि मग साबुदाण्याची खिचडी खातो. एसी सोळावर."

शेवटी एकच प्रस्ताव पुढे न्यायचा ठरला, शैलेंद्रचा. नागरिकांच्या वृद्ध आईवडिलांना मुलांजवळ कायम राहता यावं, हा त्यांचा हक्क मानावा. कारण साधं होतं. पुढच्या वर्षी तो निवृत्त होऊन नेदरलँड्सला परत जाणार होता आणि मिरजेत आक्का चौऱ्याऐंशीच्या झाल्या होत्या.

हे ऐकलं त्या दिवशी संजीवनीनं चकल्यांची भाजणी दळून आणली.

"बाई," ती सोऱ्या फिरवत म्हणाली, "मी त्यांचे नियम वाचले. प्रस्ताव मांडायला सात नागरिकांची समिती लागते. ते सातजण युरोपातल्या सात वेगळ्या देशांत राहणारे हवेत. राहणारे!"

"मग?"

"मग काय? यांनी समिती केलीय मंडळासारखी. सात देशांचे सात पासपोर्ट जमवले. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, चिटणीस, खजिनदार. खजिना नाही, पण खजिनदार आहे. आणि सातही जण सिंगापुरात."

"अगं, मग सांग की त्यांना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "घ्या, गरम आहे तोवर खा."

खरं तर चूक आपल्या माणसांनीच करावी अशी होती. आपल्याकडे काम ठरलं की आधी पदं वाटली जातात, मग सत्कार ठरतो आणि नियम वाचायचे ते कुणीतरी वाचले असतील, असं प्रत्येकजण धरून चालतो. संजीवनीनं त्याला खतपाणीच घातलं. "नुसती बैठक कशाला, भावजी? समितीचा सत्कार करू. शाल-श्रीफळ मी लिटिल इंडियातून आणते. सगळ्या मंडळाला बोलवा." शैलेंद्रला ते इतकं आवडलं, की त्यानं निमंत्रणात तिचे आभारही छापले.

विश्वास कासावीस झाला. "संजू, माझा मित्र आहे तो. बाजूला घेऊन सांग."

"आईच्या वेळी त्यानं तुला बाजूला घेतलं होतं?"



समारंभ झकास झाला. सात शाली, सात नारळ. शैलेंद्र बोलायला चांगला. त्यानं आक्कांचं नाव घेतलं, आवाज भरून आला, समोरच्या दोन बायकांनी डोळे टिपले. मग त्यानं विचारलं, "कुणाला काही शंका?"

संजीवनी उठली. जरीची साडी नेसली होती.

"भावजी, अगदी छोटी शंका. समितीतले सातजण तिकडच्या सात देशांत राहणारे लागतात ना? तुम्ही तर सगळे इथंच राहता."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. प्रबोधनं फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला, वाचलं, पुन्हा वाचलं आणि खांद्यावरची शाल हळूच काढून घडी घातली. "शैलेंद्र, अरे, बरोबर आहे त्यांचं."

"म्हणजे हा नारळ परत द्यायचा का?" मागून कुणीतरी विचारलं, आणि मग सगळा हॉल हसला.

शैलेंद्रचा चेहरा उतरला. तो खाली येऊन तिच्यासमोर उभा राहिला. "वहिनी, हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलं नाही. तुम्हाला विचारलं होतं."

शेजारी बसलेल्यांना त्याचा अर्थ लागला नाही. शैलेंद्रला लागला. तो नारळ हातात घेऊन तसाच उभा राहिला.

मला वाटलं, झालं, आता संपलं. दोन आठवड्यांनी मी तिच्याकडे भाजी निवडत बसले होते, तेव्हा शैलेंद्र आला. एकटाच. मी उठू लागले. "बसा, बाई," ती म्हणाली. तिला साक्षीदार हवा होता.

तो इरासाठी आला होता. इरा उट्रेख्टला राहते. तिचे मित्रमैत्रिणी तिकडच्या कितीतरी देशांत. तिनं मनावर घेतलं, तर खरी समिती होऊ शकते. "माझं नाव नको त्यात," तो म्हणाला. "आक्का पडल्या गेल्या महिन्यात. त्यांना आता एकटं ठेववत नाही, वहिनी."

संजीवनीनं त्याला कॉफी दिली. समोर बसली. "इराला मी सांगेन. ती करील. पण आधी आक्कांना फोन लावा, आत्ता, इथं. माझ्या आईचा व्हिसा कशानं नाकारला ते त्यांना सांगा."

"आक्कांना? या वयात? त्यांचा काय संबंध?"

"माझ्या आईचाही काय संबंध होता?"

त्यानं कप बाजूला ठेवला. मग त्यानं फोन लावला. आक्कांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या ओरडून बोलतात आणि त्यालाही ओरडावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगताना माणसाचं काय होतं, ते मी पाहिलं. दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला.

मग आक्कांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "अरे, विमलताई प्रत्येक भेटीत मला विचारायच्या, आक्का, माझ्या कागदात काय चुकलं असेल हो? मी म्हणायचे, सरकारी कामं, होईल. तू मला का नाही सांगितलंस?"

"आक्का, मी खरं तेच…"

"मला नको नेऊस तिकडे. मी बरी आहे इथं." आणि फोन बंद झाला.

शैलेंद्र उठला. दारापाशी चपला घालताना त्याला त्या सापडेनात. पायाशीच होत्या. तो गेल्यावर मी संजीवनीकडे पाहिलं. मला वाटलं, रडेल. तिनं त्याचा कप उचलून विसळला आणि निवडलेली भाजी माझ्या पुढ्यातून घेतली.

शब्दाला ती जागली. इरानं सात देशांतली माणसं जमवली, प्रस्ताव नोंदवला. वर्षभरात दहा लाखांच्या जवळपासही सह्या आल्या नाहीत आणि तो बारगळला. शैलेंद्र निवृत्त होऊन एकटाच परत गेला. आक्का आल्या नाहीत.

मी तिला एकदा विचारलं, "संजीवनी, समाधान झालं का गं?"

"झालं," ती म्हणाली. "उगाच मोठेपणा कशाला दाखवू?"

त्या डिसेंबरात ती भारतात गेली आणि मिरजेत आक्कांकडे आठवडाभर राहिली. त्यांचे केस धुऊन दिले, गुडघ्यांना तेल लावलं, दोघी विमलताईंबद्दल बोलत बसल्या. आक्का मुलाशी फोनवर दोन वाक्यं बोलतात, हिच्याशी मात्र तासभर. ती त्यांना मऊ भात भरवतेय असा फोटो शेजारच्या मुलीनं काढला. तो तिनं मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. शैलेंद्र अजून त्या ग्रुपवर आहे.

मी जरा रागावूनच म्हटलं, "अगं, सगळ्यांना कशाला? टाकायचाच होता तर त्याला एकट्याला पाठवायचास."

"एकट्याला पाठवला असता, तर त्यानं पुसून टाकला असता, बाई. आता सगळ्यांदेखत त्याला अंगठा टाकावा लागला."

आणि तिनं फोन पुढे करून मला दाखवलं. सगळ्यांच्या फुलांच्या आणि हात जोडलेल्या चित्रांखाली, अगदी शेवटी, शैलेंद्रचा एक अंगठा होता.