तळावरच्या सलूनातला दहावा

कुंडलच्या जोतीरामला आख्ख्या गावाची डोकी तोंडपाठ होती. कुणाच्या कानामागं जुनी खोक आहे, कुणाचा भोवरा उलटा फिरतो, हे त्या माणसापेक्षा त्याला जास्त ठाऊक. गावात कुणी गेलं की दहाव्याला ओढ्याकाठी वस्तरा घेऊन बसायचं कामही त्याचंच; आधी ते बापाचं, गुंडा आण्णांचं होतं, मग त्याच्याकडं आलं. पिंडाला कावळा शिवेना झाला की घरचे कावरेबावरे व्हायचे. मग जोतीराम थोरल्या लेकाच्या कानाशी लागायचा, "म्हाताऱ्याचा जीव कशात अडकलाय ते वळखा आन् कबूल करा. पर झेपंल तेवढंच बोला गड्या. हितं दिलेला शबूद मोडत न्हाईत."

असा हा माणूस चार वर्षं इराकमधल्या एका अमेरिकन तळावर शिपायांची डोकी भादरत होता. एजंटानं दुबईच्या हॉटेलातलं सलून सांगितलं होतं. दुबईला उतरल्यावर दुसऱ्या विमानात घातलं, आणि त्यातनं उतरला तेव्हा चहूकडं काँक्रीटच्या भिंती. पासपोर्ट कंत्राटदाराच्या कपाटात गेला. घरी मात्र त्यानं दुबईच कायम ठेवली. आण्णांनी उगाच हाय खाल्ली असती. आण्णाही चावडीपुढं ऐटीत सांगायचे, "लेक दुबईत शेखांच्या दाढ्या करतोय."

"अमेरिका आता इथनं निघणार, मग तुम्ही सगळे सुटलात," असं कंत्राटदाराचा साहेब दरवर्षी सांगायचा. पण दुनियेत कुठंही दोघं भांडली की मध्ये पडायचं आणि एकदा पडलं की उठायचं नाव काढायचं नाही, ही त्या देशाची जुनी खोड. यंदा कुठं रजा मंजूर झाली, तिकीट निघालं, आणि अमेरिकेची विमानं इराणवर बॉम्ब टाकून आली. आकाश बंद, फाटक बंद, रजा रद्द. भोंगा झाला की सगळ्यांनी बंकरमध्ये पळायचं. तिथंच तिसऱ्या दिवशी रेश्माचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. आण्णा गेले होते.

एकुलता एक लेक. तो तसाच साहेबाकडं धावला. "पासपोर्ट द्या, रस्त्यानं जातो, चालत जातो," म्हणाला. साहेब तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं. गावाकडं अग्नी चुलतभावानं, विश्वजीतनं दिला. दहाव्याला तरी पोचीन, एवढंच घोकत जोतीराम रोज साहेबाच्या दारात जायचा आणि तेच उत्तर घेऊन परत यायचा. राग मस्तकात जायचा. पण वस्तऱ्याखाली कुणाची तरी मान असायची, म्हणून तो स्वतःला आवरायचा.

दहाव्याच्या सकाळी आणखी एक पेच पडला. जन्मभर दुसऱ्यांची डोकी भादरली, पण स्वतःचं मागचं डोकं कुणाला करता येतं? मार्टिनेझ नावाचा सार्जंट नेहमी पहिल्या नंबरला यायचा. जोतीरामनं मशीन त्याच्या हातात दिलं आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, बाप वारला, सगळे केस काढ. कान बोटानं दुमडून, जपून, मार्टिनेझनं सगळं उतरवलं.

मग जोतीरामनं आरशाला मोबाईल टेकवला. पडद्यावर कुंडलचा ओढा, पिंड आणि बाभळीवर चार कावळे. तास गेला. विश्वजीतनं "वैनीला सांभाळतो" म्हणून पाहिलं, "जोतीचं घर माझं घर" म्हणून पाहिलं. कावळे हलेनात. शेवटी जोतीरामनं सांगून टाकलं, "आण्णा, मी दुबईत न्हाई. लढाईच्या तळावर हाय. लय खोटं बोललो तुमच्याशी."

ओढ्याकाठची माणसं फोनभोवती गोळा झाली. कावळे तरीही बसूनच.

रेश्मानं फोन तोंडाशी धरला. "आवं, घरी येतो म्हना की. दुसरं काय हवं असंल त्यास्नी?"

"ते कसं म्हनू? कपाटाची किल्ली माझ्याकडं हाय व्हय?"

"म्हना वो!"

तेवढ्यात भोंगा वाजला. मार्टिनेझ त्याला दंडाला धरून ओढू लागला. जोतीराम दारातनंच मोबाईलकडं बघत ओरडला, "येतो आण्णा! पुढच्या म्हैन्यात घरी येतो!"

पडद्यावर एक कावळा खाली झेपावला.

बंकरमध्ये भादरलेलं डोकं गुडघ्यांत घालून जोतीराम ढसाढसा रडला. ह्या भिंतींतून सुटू, यावर तिथं कुणाचाच भरवसा नव्हता, त्याचा स्वतःचाही नव्हता. आण्णांनी मात्र दुबईवर ठेवला होता तसाच ह्यावरही लगेच विश्वास ठेवला.