आधी डोळे मिटा

मांडूत पडद्याच्या बायकांबरोबर चालायचा मान एकट्या मानाजीला होता, आणि तो का, तर त्याला दिसत नव्हतं म्हणून. आता ह्याला नशीब म्हणा की थट्टा म्हणा. धार-देवासकडच्या सरदारघरांतली बायकामंडळी मांडू बघायला निघाली की चार दिवस आधी दवंडी पिटली जायची. अमक्या दिवशी सवारी येणार, पुरुषमाणसानं गडावर दिसायचं नाही, वाटेत गाठ पडलीच तर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. गुराखी खाली, पुजारी खाली, बरोबरचे शिपाईसुद्धा दरवाजाबाहेर. मग त्या झाडाझुडपांनी गिळलेल्या महालांतून ह्या बायकांना हिंडवायचं कोणी? एकदा चुकून वाघाच्या ओढ्याकडे वळल्या असत्या तर पडदा कोणाच्या कामाला आला असता?

मानाजी त्याआधी वीस वर्षं धार दरबारच्या मांडूच्या ठाण्यात हवालदार होता. कुठल्या तळघरात साळिंदर राहतं आणि कुठल्या घुमटाखाली टाळी वाजवली की सात वेळा ऐकू येते, हे त्याला जेवढं ठाऊक तेवढं कोणालाच नव्हतं. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली सगळंच धुरकटलं, नोकरी गेली, आणि हा बायको पार्वतीचा हात धरून झोपडीच्या दारात बसायला लागला. त्याच हिवाळ्यात देवासच्या एका सरदारघरच्या उमाबाईसाहेब मांडू बघायला आल्या. करारी बाई, तोंडातून निघालेला शब्द परत घेतल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. वाट दाखवायला पुरुष चालणार नाही, आणि बाई कुठलीच माहीतगार नाही, अशी अडचण पडली. कोणीतरी भीत भीत मानाजीचं नाव काढलं. बाई म्हणाल्या, आंधळा तो पुरुष कसला, आणा त्याला. मानाजीनं ते ऐकलं आणि गिळलं. पोटाला हवं होतं.

पण गंमत बघा, गडी त्या कामात असा काही रमला की बोलायची सोय नाही. पावलं मोजून मोजून सगळी वाट त्यानं नव्यानं पाठ केली. आणि त्याची एक रीत होती. कुठल्याही जागी पोचलं की बायकांना तो म्हणायचा, "आधी डोळे मिटा." मग सांगायचा. इथं दोन्ही अंगाला पाणी आहे, मधे जहाजमहाल तरंगतोय, गच्चीवर शंभर दासी दिवे घेऊन उभ्या आहेत, त्यांच्या पायांतले वाळे ऐका. बायका डोळे मिटून ऐकत राहायच्या. मग म्हणायचा, आता उघडा. उघडल्यावर नुसते पडके दगड दिसायचे, पण तोवर त्यांनी जे बघायचं ते बघितलेलं असायचं. देवासपासून धारपर्यंत बायकांच्या हळदीकुंकवात त्याचं नाव निघायला लागलं. दर मार्गशीर्षात एक तरी सवारी त्याच्याचसाठी यायची, दरबारातून त्याला वर्षाचं धान्य आणि एक पागोटं मिळायचं.

उमाबाईंची सून बकुळा पहिल्यांदा आली तेव्हा अकरा वर्षांची होती, नुकतं लग्न झालेली. सगळ्या पुढं गेल्या तरी ही मागे रेंगाळायची आणि प्रश्न विचारून मानाजीला भंडावून सोडायची. मानाजीबाबा, इथल्या राणीला सासू होती का? मानाजीबाबा, ती माहेरी जायची का? मानाजीला मूलबाळ नव्हतं. ह्या पोरीच्या आवाजाचा त्याला इतका लळा लागला की कार्तिक उजाडला की पार्वतीला विचारायचा, आता किती दिवस राहिले? दहा-अकरा वर्षं असं चाललं. चंपा बावडीच्या, म्हणजे तिथल्या पायऱ्यांच्या विहिरीच्या, गार तळघरात बकुळा त्याच्याशी मनातलं बोलायची, कधी रडायचीही. एक मुलगी झाली, मग काहीच नाही. मुलगा नाही म्हणून सासूबाई दुसरी सून आणायच्या गोष्टी उघड करत होत्या, आणि त्यांना नुसतं निमित्त हवं होतं. हे सगळं ती आंधळ्यापाशी बोलायची, कारण आंधळ्यापाशी बोललं तर ते कोणाशी बोलल्यासारखं होत नाही. निदान मानाजीला तेव्हा तसं वाटलं नव्हतं. त्याला वाटायचं, लेक बापाशी बोलतेय.

एकोणीसशे आठच्या त्या सवारीत बकुळानंच विषय काढला. तिचं माहेर इंदूरचं. तिथं छावणीतल्या दवाखान्यात डॉक्टर मोतीबिंदू काढतो, माणसं बघायला लागतात. बाबा, तुम्ही आम्हाला एवढं दाखवलंत, तुम्ही स्वतः एकदा बघायला नको का? मानाजी हसला. म्हणाला, वैनीसाहेब, दिसायला लागलं तर मला तुमच्याबरोबर कोण चालू देईल? डोळे आले की भाकरी गेली. त्यावर ती म्हणाली, आणि हे शब्द त्यानं पुढं कितीतरी वेळा मनात घोळवले, "मी आहे ना. आईसाहेबांना मी सांगेन. देवासच्या आमच्या बागेवर तुम्हाला राखणीला ठेवून घेऊ. टेकडीवरच्या देवीची आण."

पार्वतीनं हे ऐकून कपाळाला हात लावला. सरदाराच्या सुनेची आण आणि तिच्यावर तू डोळे उघडायला निघालास, असं ती म्हणाली. पण मानाजीचं चित्त हललं होतं. बाग नको, पागोटं नको, पुन्हा एकदा तो महाल बघायचा होता आणि एकदा त्या पोरीचं तोंड बघायचं होतं. पुढच्या भाद्रपदात बकुळाच्या माहेरचा गाडीवान तुकाराम गाडी घेऊन आला आणि त्याला इंदूरला घेऊन गेला. आठ-दहा दिवस उताणं पडून राहावं लागलं, डोळ्यांवर पट्टी. पट्टी निघाली आणि उजव्या डोळ्यात उजेड आला. घरी परत आल्यावर त्यानं पार्वतीकडे बघितलं आणि तू म्हातारी कधी झालीस म्हणून विचारलं. तू बघत नव्हतास तेव्हा, ती म्हणाली, आणि चुलीकडे तोंड फिरवून खूप वेळ नाक ओढत बसली.

मग तो गडावर एकटा हिंडला. एका भिंतीवर निळ्या फरशांची ओळ आहे असं तो दहा वर्षं सांगत आला होता. बघतो तर तिथं एकही फरशी नाही, कधीच गळून गेलेल्या. आणि बायका तर दरवेळी अगबाई काय तो निळा रंग, म्हणायच्या! मानाजी तिथंच बसून पोट धरून हसला. इतक्या आनंदात त्यानंतर तो कधी दिसला नाही.

आश्विनात तुकाराम पुन्हा आला. बकुळानं त्याच्याबरोबर जाड भिंगांचा चष्मा पाठवला होता आणि निरोप होता. मार्गशीर्षात येतोय, तोवर कोणाला कळू देऊ नका, नेहमीसारखे काठी घेऊन या. जहाजमहालाच्या गच्चीवर आईसाहेब खुशीत असतात, तिथं मी सांगते. पार्वती म्हणाली, हे लक्षण बरं नाही, तू आजच जाऊन दरबारच्या कारभाऱ्याला खरं काय ते सांगून ये. मानाजी चिडला. पोरीनं आण घेतलीय म्हणाला. झालं, विषय संपला.

सवारीच्या दिवशी त्यानं चष्मा कमरेच्या शेल्यात खोचून ठेवला. चष्म्याशिवाय त्याला अंधूकच दिसायचं, आकार, उजेड, सावली. आणि तेवढंही बघायचं नाही म्हणून सकाळपासून मान खाली घालून चालला. परवानगी मिळाल्याशिवाय परक्या घरच्या बायकांकडे बघणार नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. एवढा सरळ माणूस. नेहमीसारखा काठी आपटत, पावलं मोजत त्यांना तो जहाजमहालाच्या गच्चीवर घेऊन गेला. आधी डोळे मिटा, म्हणाला. आता उघडा, म्हणाला. उमाबाई खरंच खुशीत होत्या, पान मागवलं. मानाजी वाट बघत उभा राहिला. बकुळा काही बोलेना. त्यानं दोनदा खाकरून बघितलं. शेवटी न राहवून विचारलं, वैनीसाहेब, तलाव कसा दिसतोय? छान दिसतोय, ती म्हणाली, आणि लेकीचा हात धरून जिना उतरायला लागली. मानाजीला वाटलं, बावडीपाशी सांगेल. घाबरली असेल पोर.

चंपा बावडीच्या पायऱ्या उतरताना नेहमीप्रमाणे तो पुढं, मागे उमाबाई. त्या पावसाळ्यात एक पायरी निखळून खाली गेली होती. मानाजीनं ती अंधूक नजरेनं टाळली आणि दोन पायऱ्या खाली गेला, सवयीनं, काही विचार न करता. मागे वळतो तो उमाबाईंचं पाऊल नेमकं त्या काळ्या भगदाडावर यायला लागलेलं. खाली तीस हात पाणी. त्यानं काठी टाकली, वर झेप घेतली आणि बाईंचा दंड धरला. म्हणाला, आईसाहेब थांबा, पायरी नाही.

उमाबाई वाचल्या. श्वास जागेवर यायला थोडा वेळ लागला, आणि तो आला तसं त्यांनी त्या भगदाडाकडे बघितलं, पडलेल्या काठीकडे बघितलं, आणि मानाजीकडे बघितलं.

"पायरी नाही हे तुला कसं कळलं?"

बाईंनी पदर ओढला. त्यांच्या मागच्या सगळ्यांनी सटासट पदर ओढले. कधीपासून दिसतंय, असं त्यांनी विचारलं. भाद्रपदापासून, एक डोळा, तो म्हणाला. आणखी कोणाला ठाऊक होतं? ह्यावर मानाजीनं पहिल्यांदा मान वर केली. बकुळा कुठं उभी आहे हे त्याला तिच्या बांगड्यांच्या आवाजावरून पक्कं ठाऊक होतं. त्यानं तिकडे तोंड केलं आणि थांबला. आता बोलेल. आत्ता तर जीव वाचवलाय सासूचा, ह्याहून चांगली वेळ कोणती?

बकुळानं पदर आणखी पुढं ओढला. "मला काय ठाऊक? मी परपुरुषाच्या डोळ्यांची चौकशी करते का?"

ऐकलंत? दहा वर्षं बाबा होता, एका वाक्यात परपुरुष झाला. मानाजीच्या कानात रक्त चढलं. शेल्यातून त्यानं चष्मा काढला आणि सगळ्यांसमोर नाकावर चढवला. आता लपवायचं काय राहिलं होतं? त्यानं तिच्याकडे नीट, भरपूर बघितलं. दिसला फक्त जरीकाठाचा पदर आणि तो धरलेली चार बोटं. हा चष्मा कुठून आला, उमाबाईंनी विचारलं. त्या बोटांनी पदर एकदम मुठीत आवळला. एक शब्द पुरेसा होता. दुसऱ्या दिवशी बकुळा माहेरी आणि वर्षाच्या आत घरात दुसरी सून. मानाजीला हे कळत होतं. आणि संतापानं त्याचे दात एकमेकांवर घासत होते हेही तितकंच खरं. पोरीनं केसानं गळा कापला होता, आणि वर तिलाच वाचवायचं कामही त्याच्याच गळ्यात आलं होतं.

इंदूरच्या बाजारात घेतला, तो म्हणाला.

पुढं जे व्हायचं ते झालं. जनान्याशी दगा केला म्हणून दरबारातून धान्य बंद झालं. ज्या बाया त्याचं नाव घेत होत्या त्या आता आपण त्याच्यासमोर पदराशिवाय हसलो होतो हे आठवून शिव्या द्यायला लागल्या. जीव वाचवल्याचं कोणाच्या तोंडी आलं नाही. देवासहून ना निरोप, ना माणूस. पार्वतीनं एकदाच म्हटलं, मी सांगत होते, आणि त्याचं तोंड बघून पुन्हा कधी म्हटलं नाही. मानाजी लोकांच्या ज्वारीवरचे राघू हाकायला जायला लागला. चष्मा मात्र त्यानं फेकला नाही. का फेकू, म्हणायचा, फुकट नाही मिळाला.

तीन वर्षांनी पुन्हा दवंडी पिटली गेली. देवासची सवारी. मानाजी त्या सकाळी शेतावरून परतत होता, त्याला उशीर झाला, आणि गडाच्या आलमगीर दरवाजापाशी शिपायानं त्याला इतर चौघा-पाचजणांबरोबर अडवलं. "मूँ फेर लो भिया, सवारी आ री है." सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मानाजीही उभा राहिला, इतर कुठल्याही पुरुषासारखा.

चढावर बैल दमले म्हणून पडद्याची दमणी नेमकी त्याच्या पाठीशी येऊन थांबली. आतून आवाज आला. थोडा जाड झालेला, पण त्याला काय ओळखायचं होतं?

"आधी डोळे मीट. मिटलेस? आता उजव्या गालाला वारा लागेल. लागला की समज, दरवाजा आला. वर नगारखाना आहे, चौघडा ऐक."

शब्द न शब्द त्याचा. थांबण्याची जागासुद्धा त्याचीच. मग लहान मुलीनं विचारलं, आई, हे सगळं तुला कोणी सांगितलं?

"एक आंधळा होता इथं," बकुळा म्हणाली. "मेला तो."

गाडीवानानं बैलांना हाक दिली आणि दमणी दरवाजातून आत गेली. शिपायानं मोकळीक दिली तशी माणसं फिरली आणि आपापल्या वाटेला लागली. मानाजी तसाच उभा होता. चष्म्यातून त्याला भिंतीच्या सांध्यातली मुंगी न मुंगी दिसत होती.