आजोबांचा कोट

नवं शतक तोंडावर आलं होतं आणि आमच्या घरात सोळावं चाललं होतं. माझ्या मुलीला शाळेत इतिहासातलं एक पात्र होऊन बोलायचं होतं. मैत्रिणींना राण्या मिळाल्या, हिच्या वाट्याला हॅब्सबर्ग सम्राटाचा एक डच सरदार आला. सम्राटासाठी तो जन्मभर लढला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आता काही तासच. तेव्हा त्याने चिलखत चढवलं, खुर्चीत बसला, सगळ्यांना बोलावून आभार मानले, सम्राटाच्या नावाने प्याला उचलला आणि गेला.

दोहात, फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये तो रोज संध्याकाळी मरायचा, तोही इंग्रजीत. प्रेक्षक एकच, वसईहून व्हिजिट व्हिसावर आलेले माझे सासरे. पुठ्ठ्याच्या चिलखताला चंदेरी कागद त्यांनीच चिकटवला होता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, नातीला मराठी कळायचं पण बोलायची इंग्रजीच. मग हॉस्पिटलातून दमून आलेली मी चपात्या लाटता लाटता भाषांतर करायची.

"शहाणा माणूस," सासरे म्हणायचे. "सगळ्यांना भेटून गेला."

मला ते ऐकवत नसे. मी नर्स. त्यांचं हृदय किती थकलंय ते मला कळत होतं, आणि व्हिसा संपत आला होता.

निघायच्या दिवशी ते काळा कोट घालून हॉलमधल्या खुर्चीत बसले. आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांत म्हातारी माणसं शवपेटीत घालायचे कपडे स्वतःच बाजूला काढून ठेवतात. हा तोच कोट, दोहाच्या भर उन्हाळ्यात!

"वाटेत काही झालं तर तुमची धावपळ नको," म्हणाले. मी कपाळावर हात मारला आणि मला रडूही आलं. शेजाऱ्यांचे आभार मानून झाले. मग कपाळावर क्रूस काढायला त्यांनी नातीला हाक मारली.

ती दारातच थबकली.

"आजोबा, कोट काढा." चक्क मराठीत. "उठा ना. तसे नका बसू."

सासऱ्यांनी एकेक बटण सोडून कोट तिच्या हातात दिला.

"ठेव तुझ्याकडे. न्यायला येईन, इन्शाल्ला." आणि नुसत्या शर्टावर विमानतळावर गेले.

नाताळाआधीच वसईहून फोन आला. मी कोट बॅगेत भरू लागले, तो तिने काढून घेतला आणि विमानात मांडीवर घेऊन बसली. त्यांना तो चढवला तेव्हा बटणं तिनेच लावली.

"आजोबा," ती त्यांच्या कानाशी म्हणाली, "मीच आणला."