लशीसाठी मागितलेली सुट्टी

ही गोष्ट मी घरातही कधी सांगितली नाही. तो विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. आता वय झालं, लिहून टाकतो.

चाकणच्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपचा सुपरवायझर होतो. माझ्या हाताखालचा एक ऑपरेटर, काळेवाडीत राहणारा, मोटारसायकलवरून पडला. पोटाला मार लागून त्याची पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुटली आणि ती काढावी लागली. सुट्टी संपवून आला तो हसतच. "साहेब, एक पार्ट कमी झालाय. पण मशीन चालू हाय!"

मग एकदा म्हणाला, "शुक्रवारी अर्धा दिवस सोडा. डॉक्टरांनी लस घ्यायला सांगितलीय."

"ऑडिट होऊ दे रे. लस काय पळून जातीय?"

"टाळू नका म्हणालेत."

"त्यांना काय, माल थोडाच पाठवायचाय?"

सगळे हसले. तोही हसला. ऑडिट झालं. त्याने पुन्हा विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

आमच्याकडे ताप आला की फर्स्ट एडच्या डब्यातली गोळी घ्यायची आणि शिफ्ट पुरी करायची, अशी रीत होती. थंडीत एका दुपारी तो मशीनपाशी कुडकुडत होता. गोळी मीच दिली. शिफ्ट सुटायच्या आत तो खाली बसला, उठेचना. मी त्याला माझ्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

तिथे डॉक्टरांनी मला समजावलं. काही जिवाणूंवर बुळबुळीत वेष्टण असतं, पांढऱ्या पेशींच्या ते हाती लागत नाहीत. अँटिबॉडी त्यांना चिकटल्या, की पेशींना धरायला जागा मिळते आणि पेशी जिवाणूला गिळतात. अशा अँटिबॉडी बनवण्यात आणि असे जिवाणू रक्तातून गाळण्यात पाणथरीचा मोठा वाटा. ती नसेल तर लस देऊन अँटिबॉडी आधीच तयार ठेवायच्या.

आमच्या शॉपमध्ये खराब पार्टवर लाल रंगाचा ठिपका मारत. ठिपका असेल तोच पार्ट हेल्पर उचलून लाल पेटीत टाकी. बाकीचे तसेच पुढे जात. मला लगेच कळलं. त्याच्या रक्तात ठिपका मारणारंच कुणी नव्हतं.

"लस घेतली होती का?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, "मला कल्पना नाही."

तो वाचला. पण रक्तात जंतू पसरल्याने रक्तपुरवठा तुटून दोन्ही हातांची बोटं काळी पडली, ती काढावी लागली.

आता तो काळेवाडीत किराणा दुकानात बसतो. वजन बायको करते. मी गेलो की तो गिऱ्हाइकांना सांगतो, "ह्या साहेबांनी गाडीत घालून नेलं, म्हणून मी हाय." बायको चहा ठेवते. मी तो पितो.

दर वेळी घरून ठरवून निघतो. तू सुट्टी मागितली होतीस, मी दिली नाही, मला माफ कर. एवढंच म्हणायचं असतं. तो विचारतो, "काय देऊ, साहेब?" आणि मी चहापत्ती घेऊन परत येतो.