त्याच्या वाटची वाइन

जावयांनी फ्रान्समधली ही सहल ठरवली ती आमच्यावरच्या मायेपोटी, यात शंका नाही. दिवसभर सायकली चालवायच्या, द्राक्षांच्या मळ्यांमधून हिंडायचं, मळेवाल्यांकडे थांबून त्यांची वाइन चाखायची आणि संध्याकाळी गावातल्या घरात मुक्कामाला यायचं. मुलीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी जळगावला गवार मोडत बसले होते. शेंग हातातच राहिली. आम्हा दोघींच्या मनात एकच माणूस होता. तिचा मोठा भाऊ, माझा मुलगा.

माझा मुलगा दारू प्यायचा. प्यायचा म्हणजे नशिराबादच्या नाक्यावरून लोकांनी उचलून घरी आणावं इतका. मुलीचं लग्न धुळ्याच्या चांगल्या घरात ठरलं तेव्हा तो व्यसनमुक्ती केंद्रात होता, आणि आम्ही व्याह्यांना सांगितलं की तो कामाला सुरतेला आहे, लग्नाला सुट्टी मिळत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढं तो बरा होऊन आला, सावद्याला केळी पिकवायच्या चेंबरमध्ये कामाला लागला आणि तीन वर्षं थेंबाला शिवला नाही. पण मूठ झाकलेलीच राहिली. जावयांना खरं सांगायचं तर लग्नातलं खोटं उघडं पडणार, आणि मुलीला सासरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही, अशी आम्हाला भीती.

"त्याला ॲसिडिटी आहे म्हणून सांगू," मुलगी म्हणाली. मी हो म्हटलं. त्याला स्वतःला काय वाटतं हे दोघींपैकी कोणी विचारलं नाही.

सायकलीची मला धास्ती नव्हती. मास्तरीणबाई म्हणून पहिली नोकरी लागली तेव्हा मी रोज सायकलीनं शाळेत जायचे, आणि इथल्या सायकलींना तर बॅटरी होती. पंजाबी ड्रेस, पायात बूट, डोक्यावर जावयांनी दिलेलं हेल्मेट. पुढं जावई, मग मुलगी, मग मुलगा आणि त्याच्या मागे मी. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या कंबरेएवढ्या बुटक्या रांगा पार टेकडीपर्यंत गेलेल्या. मुलगी म्हणत होती, आई, बघ किती सुंदर आहे. मी बघत होते ती मुलाची पाठ. तो सहज इकडंतिकडं बघायचा आणि तो काय बघतोय ते मी बघायचे.

पहिल्या मळ्यावर तळघरात नेलं. गार हवा, लाकडी पिंपांच्या ओळी. मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, "माय, आठे आपला चेंबरसारखंच थंड शे." त्याला बरं वाटलं होतं. मला मात्र त्या आंबट वासानंच घाम फुटला, कारण हा वास त्याच्या शर्टाला किती रात्री आला होता ते मला माहीत होतं.

मळेवाल्यानं चार ग्लासांत थोडी थोडी वाइन ओतली. शेजारी एक बादली ठेवलेली. जावयांनी समजावलं, घोट तोंडात खेळवायचा आणि बादलीत थुंकायचा, सगळे तसंच करतात. मी ऐकतच राहिले. माणूस एवढ्या मानानं हातात देतोय, आणि ते त्याच्या तोंडासमोर थुंकायचं? आमच्याकडे पानात मीठ जास्त पडलं तरी पाहुणा मुकाट गिळतो.

"घ्या भाऊ," जावई म्हणाले.

"अहो, त्याला ॲसिडिटी," मुलगी घाईनं म्हणाली.

"दोन घोटांनी काय होतंय? घ्या हो, आमच्या शब्दाला मान द्या."

धुळ्याचा आग्रह तो. पंगतीत ताटावर आडवे हात धरले तरी जिलबी पडायचीच. मुलानं ग्लासाच्या दांडीला बोट लावलं. तो काहीतरी बोलणार होता, पण मला तेवढा धीर कुठला! मी ग्लास ओढला आणि म्हणाले, "मलाच द्या, मला फार आवडली." थुंकायला नको म्हणून माझा मी आधीच गिळून टाकला होता. त्याचाही गटकन संपवला. चिंचेच्या कोळात लोखंडी खिळा बुडवल्यासारखी चव. आयुष्यात पहिल्यांदा दारू प्यायले ती अशी.

जावई खूश. "आई, तुम्ही तर पक्क्या फ्रेंच झालात!"

मुलगा हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग बाहेर जाऊन सायकलीजवळ उभा राहिला.

दुसऱ्या मळ्यावरही तेच. तिथं तर तीन प्रकारच्या वाइन होत्या. जावई म्हणायचे घ्या भाऊ, मुलगी म्हणायची ॲसिडिटी, आणि मी वखवखलेल्या बाईसारखी त्याच्यापुढचे ग्लास ओढायची. तिथल्या म्हातारबाबानं तर कौतुकानं माझ्या ग्लासात आणखी ओतली. बाहेर आले तेव्हा ऊन पिवळंजर्द दिसत होतं आणि रस्ता हलत होता. मुलाच्या मागे राहायचं एवढंच डोक्यात. उतारावर मागून गाडी आली, कर्कश्श भोंगा वाजला, आणि मी सायकलीसकट द्राक्षांच्या तारेत गेले. गुडघा खरचटला. मुलानं मला उठवलं.

"माय, आते बस झालं," तो हळूच म्हणाला. "मना वाटानं तू पेऊ नको."

"मग तू पेशील?" मी फिस्कारले.

त्याचा चेहरा एकदम उतरला. तो माझी सायकल सरळ करू लागला. शब्द गेला तो गेला, मला तो परत घेता येईना, आणि मला त्याचा रागही येत होता. तीन वर्षं मी त्याचे खिसे हुंगत आले होते, लग्नाच्या वरातींपासून त्याला लांब ठेवत आले होते. ते काय हौस म्हणून?

तिसऱ्या मळ्यावर अंगणात टेबल मांडलेलं. एक बाई, माझ्याच वयाची, बाटली घेऊन आली. ग्लास भरले. माझी बोटं आपोआप त्याच्या ग्लासाकडे निघाली, तेव्हा मुलानं माझा हात धरला. जोरानं नाही, पण सोडलाही नाही.

"माय, माले मना तोंडघाई नही म्हनू दे." स्वतःच्या तोंडानं, असं.

मग त्यानं त्या बाईकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "नो. थँक्यू." तिनं ग्लास उचलला, आत गेली आणि द्राक्षांचा साधा रस घेऊन आली. तिच्या लेखी तेवढंच होतं.

जावई हसत म्हणाले, "अहो भाऊ, एवढ्याशानं..."

"पाहुणे, मी दारुडा होतो," मुलगा म्हणाला. आवाज शांत होता. "तुमच्या लग्नात मी सुरतेला नव्हतो, केंद्रात होतो. एवढ्याशानंच माझं सगळं परत सुरू होईल. म्हणून नको."

मुलगी रडायला लागली. मला वाटलं, आता संपलं सगळं. जावयांनी हातातला ग्लास खाली ठेवला. कानापर्यंत लाल झाले होते. लग्नाबद्दल एक शब्द काढला नाही.

"मी सकाळपासून तुम्हाला आग्रह करतोय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आई, तुम्ही मला तो करू दिलात."

मी उठायला गेले आणि तोल गेला. टेबल धरलं तर टेबलही फिरायला लागलं. मुलगी घाबरली, जावई पाणी आणायला धावले. मुलानं मात्र घाई केली नाही. आधी पावाचा मोठा तुकडा मला खायला लावला, वर पाणी पाजलं, आणि सायकली इथंच राहू द्या, आम्ही चालत येतो, असं जावयांना सांगितलं.

मुक्कामाचं घर समोरच्या टेकडीवर दिसत होतं. त्यानं माझा दंड काखेजवळ पकडला आणि स्वतः रस्त्याच्या बाजूनं झाला.

"खाले देखू नको, दूर देख," तो म्हणाला. "माले ठाऊक शे तोल कुठे जास."

मी हुंदके देत होते, त्याला सारखं चुकलं चुकलं म्हणत होते, आणि पिणाऱ्या माणसाची समजूत जशी काढतात तशी तो माझी काढत होता. नंतर मी बोलायची थांबले. दूरच्या टेकडीवर नजर लावली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे न बघता त्याच्या शेजारून चालत राहिले.